हौदाकाठचा मदरसा

हौद, हुन्नर, कारखाना, दुकान, बाजार, संदूक, प्याला, कैची, उस्ताद, शागीर्द. हे शब्द आपल्या बोलण्यात रोज येतात आणि ते परके आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही. पण यातला एकही शब्द मूळचा आपला नाही. घोड्यांचे सौदागर, सरदार, फकीर आणि कसबी माणसे यांच्या पडशीतून ते दख्खनेत आले आणि इथलेच होऊन राहिले. हे सगळे शब्द थोड्याफार उच्चाराच्या फरकाने आजही जिथे चालतात, असे एक गाव म्हणजे मध्य आशियातल्या उझबेकिस्तानातले बुखारा.

उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद आपल्या जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री तिथेच वारले. आजही त्या शहरात त्यांचा पुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ताश्कंदहून वेगाच्या आगगाडीने साधारण चार तासांत बुखारा येते. वाटेत दुतर्फा कापसाची शेते आणि पाटाच्या कडेने तुतीच्या रांगा. तुतीची झाडे दरवर्षी डोके छाटल्यासारखी तोडतात, म्हणून खोड जाड आणि वर नुसत्या कोवळ्या फांद्यांचा झुपका. पाला रेशमाच्या किड्यांना जातो. कच्च्या रेशमात चीन पहिला, भारत दुसरा आणि हा चिमुकला देश तिसरा आहे. मराठवाड्यात ज्यांनी तुती लावली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथेही किडे वाढवणारी मंडळी शेतकरीच. वसंतात महिनाभर घरातली खोली किड्यांना देऊन माणसे मिळेल तिथे निजतात.

गाव वाळवंटाच्या कडेला वसलेले. पाणी मिळते ते झरफशान नदीचे. जर म्हणजे सोने, आपल्या जरीकाठातली जर तीच. झरफशान म्हणजे सोने उधळणारी. नाव मोठे असले तरी ही नदी कुठल्या नदीला वा समुद्राला मिळत नाही. पाटापाटांनी शेतात वाटली जाते आणि उरलीसुरली वाळूत जिरते. १९६५ पासून अमूदर्या नदीचे पाणी कालव्याने वर चढवून बुखाऱ्याला आणले आहे, तेव्हा कुठे तिथला कापूस तगून आहे.

पाण्याची अशी ओढ असल्यामुळे जुन्या बुखाऱ्यात जागोजाग हौद होते, ऐंशीच्या वर. शाहरूद नावाचा पाट गावातून फिरवून ते भरत. पायऱ्या उतरून पाणी भरायचे, त्याच पायऱ्यांवर हातपाय धुवायचे. मशकवाले, म्हणजे आपले पखालजीच, कातड्याच्या पिशव्या भरून घरोघर पाणी घालीत. आणि त्या पाण्यातून गावभर नारू होई. आमच्या वयाच्या वाचकांना नारू सांगायला नको. पायाला फोड, फोडातून दोऱ्यासारखी अळी, आणि ती काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत बाहेर काढायची. बुखाऱ्यात हे काम न्हावी करीत, आणि रोगाचे नाव होते 'रिश्ता', म्हणजे दोरा. रशियन राजवटीत १९२० नंतर डॉक्टर इसायेव यांच्या पथकाने हौद उपसले, बरेचसे बुजवले, आणि १९३०च्या सुमारास तिथला नारू संपला. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी बंद करून तेच काम व्हायला त्यानंतर साठ-पासष्ट वर्षे लागली. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला.

हौद बुजले त्याबरोबर करकोचेही गेले, असे तिथे सांगतात. पूर्वी मिनारांवर आणि झाडांवर त्यांची मोठाली घरटी असत. करकोच्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

जे थोडे हौद राखले, त्यांतला सर्वांत मोठा 'लब-ए-हौज'. लब म्हणजे ओठ, काठ. तेव्हा आपल्या भाषेत हौदाचा काठ. १६२०चे हे बांधकाम. काठावर तुतीची जुनाट, पोकळ खोडांची झाडे आहेत. त्यांतली काही १४७७ साली लावलेली आहेत असे सांगतात. झाडाखाली म्हातारे चहा पीत बसलेले असतात. जवळच मुल्ला नसरुद्दीन गाढवावर बसून हसतो आहे. हा पुतळा १९७९ सालचा. मुल्लाच्या पाठीमागे जी निळ्या फरशांची उंच कमान दिसते, तोच आपला मदरसा.

दिवाणाची फजिती

नादिर दिवाणबेगी हा बुखाऱ्याचा खान इमामकुली याचा दिवाण, आणि नात्याने मामा. त्याने हौद खणवला, पश्चिमेला फकिरांसाठी खानका बांधली आणि पूर्वेला १६२२-२३ मध्ये ही इमारत उभी केली. पण मदरसा म्हणून नव्हे. त्याचा बेत होता कारवान सराईचा. उंटांचे तांडे यावेत, व्यापाऱ्यांनी मुक्काम करावा, भाडे मिळावे. सांगतात ते असे की, उद्घाटनाला खानसाहेब आले, इमारत पाहून खूश झाले आणि म्हणाले, वा, देवाच्या नावाने काय सुंदर मदरसा बांधला आहे! आता खानाचे बोलणे खोटे पाडणार कोण? दिवाणाने मान डोलावली. सराईचा मदरसा झाला. पुढून उंच कमान चढवली, कोपऱ्यांना बुरूज जोडले, वर एक मजला खोल्या काढल्या.

गोष्ट खरी असो की रचलेली, इमारत मात्र तिला पुरावा देते. मदरशात मशिदीची एक दालन आणि शिकवण्याचा एक मोठा दिवाणखाना हवाच असतो. इथे दोन्ही नाहीत. कमानीवर पाहिले तर आणखी नवल. दोन मोठे पक्षी पंजात पांढरी हरणे धरून सूर्याकडे झेपावत आहेत, आणि सूर्याला माणसाचा चेहरा आहे. धार्मिक इमारतीवर सजीवांची चित्रे सहसा काढत नाहीत. वेलबुट्टी आणि अक्षरे असतात. बुखाऱ्याच्या लोकांनी मात्र हे पक्षी चारशे वर्षे सांभाळले.

आत मोठा चौक, चौकाभोवती दोन मजली ओवऱ्या, ओवरीमागे एकेक लहान खोली. तिला हुजरा म्हणतात. हा नकाशा आपल्या शेजारीही पाहायला मिळतो. उदगीर-देगलूरकडच्या मंडळींनी बिदरचा मदरसा पाहिला असेल. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान, मूळचा इराणकडचा, त्याने १४७२ मध्ये समरकंद-खुरासानच्या मदरशांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवूनच तो बांधला. भिंतीवरच्या रंगीत फरशांचे तुकडे अजून दिसतात. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने त्याची एक बाजू उडाली.

शेताच्या वाट्यावर चालणारी शाळा

मदरसा चालायचा कशावर? शेतावर. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असते, तिच्या उत्पन्नावर दिवाबत्ती चालते, तशी मदरशाला वक्फ जमीन असे. दुकाने आणि पाणचक्क्याही असत. कसणारा शेतकरी पिकाचा वाटा घाली, आणि त्यातून मुदर्रिसाचा म्हणजे गुरुजींचा पगार, इमारतीची डागडुजी आणि विद्यार्थ्यांचा तनखा निघे. शिक्षण पंधरा-वीस वर्षे रेंगाळे. पुढे पुढे तर हुजऱ्यांचे हक्क विकत घेण्या-देण्यापर्यंत मजल गेली. ज्याच्याकडे पैसा त्याला खोली, आणि गरिबाचा पोर दुसऱ्याच्या खोलीत आश्रित.

असाच एक पोर म्हणजे सद्रुद्दीन ऐनी. १८७८ मध्ये बुखाऱ्याजवळच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आई-बाप पटकीच्या साथीत गेले. १८९० मध्ये तो शिकायला गावात आला, आणि श्रीमंत विद्यार्थ्यांचा स्वयंपाक व धुणी करून एका मदरशातून दुसऱ्यात राहत शिकला. पुढे त्याने नव्या धर्तीच्या शाळांचा पुरस्कार केला, म्हणून १९१७ मध्ये अमिराच्या हुकमाने त्याच्या पाठीवर पंचाहत्तर फटके मारण्यात आले. तो जगला, आणि ताजिक भाषेतला मोठा लेखक झाला. या हुजऱ्यांतली थंडी, धूर आणि उपासमार त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. रंगीत कमानी पाहून भारावून जाताना ही बाजूही माहीत असलेली बरी.

१९२० मध्ये लाल सेना आली आणि अमीर पळाला. त्या दशकात वक्फ जमिनी सरकारजमा झाल्या, आणि जमीन गेल्यावर शाळा कुठून राहणार? बहुतेक मदरसे ओस पडले. कुठे गोदाम झाले, कुठे बिऱ्हाडे राहिली. गावातला मीर-ए-अरब मदरसा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उघडला आणि तिथे आजही धर्मशिक्षण चालते. १९९१ मध्ये उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. १९९३ मध्ये जुन्या बुखाऱ्याची जागतिक वारशात नोंद झाली आणि परदेशी प्रवासी येऊ लागले. ओस मदरशांच्या खोल्यांत कारागीर बसले ते या काळात. नादिर दिवाणाने मनात योजले होते ते पावणेचारशे वर्षांनी खरे झाले म्हणायचे. सराई नाही झाली, पण पेठ झाली.

खोलीखोलीतून

या खोल्यांत काय चालते? जरदोजी, सुझानी म्हणजे भरतकामाचे पडदे, तांब्या-पितळेवरचे कोरीव काम, बारीक कुंचल्याची चित्रे, गालिचे. धगधगत्या भट्ट्या अर्थातच इथे नाहीत. लोहारांची कामे आणि मोठी दुकाने पलीकडे, सोळाव्या शतकातल्या घुमटी बाजारांच्या आसपास. त्यातल्या एका घुमटाचे नाव 'ताक-ए-सर्राफान', सराफांचा घुमट!

जरदोजीच्या खोलीत आधी दिसतो तो लाकडी चौकटीवर ताणलेला मखमलीचा कपडा. चौकटीला तिकडे म्हणतात कारचोब, आणि आपले जरीकाम करणारे कारागीरही तिला कारचोबच म्हणतात. पुठ्ठ्याची फुले-पाने कापून मखमलीवर टाचतात. त्यांवरून सोनेरी तार या कडेपासून त्या कडेपर्यंत नेतात, आणि दर वळणाला खालून साध्या दोऱ्याच्या टाक्याने पकडतात. सोन्याची तार कापडाच्या आरपार जातच नाही. इतकी महाग वस्तू पाठीमागे दडवायची कोणाला परवडणार? अमिराच्या काळी हे काम फक्त पुरुष करीत. बाईचा हात लागला तर सोने काळे पडते, अशी समजूत होती. अमीर गेला, दरबारी अंगरखे गेले, आणि सोव्हिएत काळात जरकामाचे सहकारी कारखाने निघाले, त्यांत बायका बसल्या. आज बुखाऱ्याचे जरकाम बहुतांशी बायकांच्याच हातात आहे. सोने काही काळे पडलेले नाही.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते सुझानीपाशी. सुझन म्हणजे सुई. खेड्यातल्या घरी मुलगी जन्मली की तिच्या रुखवताची सुझानी भरायला घेत. घरच्या मागावरचे सुती कापड अरुंद पन्ह्याचे, म्हणून चार-सहा पट्ट्या आधी सैल टाक्यांनी जोडायच्या. मग गावातली जाणती बाई येई. ती कलमकश, म्हणजे नक्षी रेखणारी. डाळिंब, बदाम, मिरची, वेल, मधोमध चंद्रासारखी वाटोळी चक्रे, असे सारे ती हाताने काढून देई. त्यानंतर पट्ट्या पुन्हा उसवायच्या आणि एकेक पट्टी एकेकीने घ्यायची: आई, आजी, आत्या, थोरली बहीण, आणि हात बसला की खुद्द नवरी. लग्न जवळ येऊन काम उरले तर शेजारणी जमत. त्याला तिकडे हशर म्हणतात. आपली इर्जिक म्हणा, सावड म्हणा. शेवटी पट्ट्या पुन्हा जोडायच्या. कोणाचा टाका घट्ट, कोणाचा सैल, कोणाचा लाल दोरा जरा फिका. त्यामुळे जोडावर अर्धे फूल खाली आणि अर्धे वर असे सरकलेले दिसते. जुन्या सुझानीची हीच ओळख.

रंगही शेतातले नि परसातले. तांबडा मंजिष्ठाच्या मुळांचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा किंवा रानफुलांचा, तपकिरी अक्रोडाच्या हिरव्या टरफलाचा. निळा मात्र हिंदुस्थानच्या निळीचा. ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जाई, आणि तिची रंगणी बुखाऱ्याचे यहुदी रंगारी करीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यातले झटपट रंग आले आणि ही सारी विद्या मागे पडली. अलीकडे काही घरांनी ती पुन्हा धरली आहे. डाळिंबाची साल आपल्याकडे किती फुकट जाते, हे सोलापूर-नाशिककडच्या बागायतदारांना सांगायला नको!

आणि आता करकोचा. बुखाऱ्याचे लोहार कैची करतात ती करकोच्याच्या आकाराची. दोन पाती म्हणजे लांब चोच, मुठी म्हणजे पंख नि अंग, आणि जिथे डोळा असायचा तिथे बारीक ठिपका. कैची उघडली की चोच उघडते. झाडावरचे पक्षी गेले, ते असे हातात राहिले. लहान असली तरी ती कापते चांगली. भरतकाम करणाऱ्या बायका दोरा तोडायला वापरतात.

तांब्याच्या कामात आपल्या माणसाला फार नवल वाटणार नाही. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर एकसारखे डाग उठवतात, ते मठारकाम. बुखाऱ्याचा तांबट छिन्नीने पाने-फुले कोरतो, एवढाच फरक. आपण आतून कल्हई लावतो, आणि तिकडे कथिलालाच 'कलाय' म्हणतात.

पाठ उलटून पाहा

आता कडू बोलायचे तेही बोलू. या खोल्यांत दिसणारी प्रत्येक वस्तू त्याच खोलीत, किंबहुना त्याच देशात झालेली आहे असे समजू नये. यंत्रावर भरलेल्या सुझानी, साच्यातून काढलेल्या तबकड्या, छापील चित्रे सरसकट हातची म्हणून मांडलेली असतात. हंगामात संध्याकाळी चौकात टेबले लागतात, नाच-गाणी नि कपड्यांचे प्रदर्शन होते, आणि शिकण्याची जागा ती हीच का असा प्रश्न पडतो.

ओळखायचे कसे? पैठणी घेताना आपल्या आया-आज्या पदर उलटून बघत. खरी पैठणी दोन्हीकडून सारखी. सुझानी उलटली की उलट दिसले पाहिजे. मागे गाठी, एका फुलावरून दुसऱ्यावर उडी मारलेला दोरा, आणि टाक्यांच्या कडेला कुठे कुठे रेखाटनाची शाई. मागची बाजू पुढच्याइतकीच एकसारखी नि आखीव दिसली तर ते यंत्र. जरकामात मागे सोने दिसता कामा नये, फक्त साधा दोरा.

दुसरी खूण मला त्याहून मोलाची वाटते. खोलीत अर्धे झालेले काम आहे का, आणि त्यावर उस्तादाशिवाय आणखी कोणी बसलेले आहे का? या मुलखात पूर्वी प्रत्येक धंद्याची पंगत होती आणि प्रत्येक धंद्याचा पीर होता. लोहारांचा हजरत दाऊद, आणि शेतकऱ्यांचाही होता, बोबो देहकान. देहकान म्हणजे शेतकरी. पहिल्या पेरणीला त्याचे नाव घेत. पोर कोवळ्या वयात उस्तादाकडे राहायला जाई, आधी झाडलोट, मग हत्यारे ओळखणे, मग काम. वर्षे भरली की उस्ताद चार माणसांसमोर त्याच्या कमरेला शेला बांधून दुवा देई. मग तो स्वतः बसायला मोकळा. सोव्हिएत काळात खासगी धंद्याला जागा नव्हती. कारागीर सहकारी कारखान्यांत गेले, आणि १९६०च्या सुमारास तेही मोडले. तिथे पुष्कळ हुन्नर तुटले. ज्यांना घरी बसून करता येत होते ते टिकले, म्हणून सुई वाचली. १९९७ मध्ये सरकारने कारागिरांना करात सवलती दिल्या, त्यांची 'हुनरमंद' नावाची संघटना निघाली, आणि उस्ताद-शागीर्द ही जोडी पुन्हा रीतसर मान्य झाली.

तरी पेच सुटलेला नाही. दुकान शहरात असते आणि सुई खेड्यात. नुरता, शाफिरकान, उरगुत भागातल्या बायका शेतीची, गुरांची कामे आटोपून भरायला बसतात. एका मोठ्या सुझानीला कित्येक महिने जातात, नि हुजऱ्यात तिला जो भाव येतो त्यातला किती त्या घरी पोचतो हे मधल्या माणसावर ठरते. मुलींना ताश्कंदला नोकरी दिसते. शिकवणारी आजी आहे तोवर नात बसली तर बसली. पुढे कलमकश कोण होणार? यंत्राला नक्षी उतरवून घेता येते, पण लग्नघरची ऐपत, कापडाचा पन्हा आणि पोरीची आवड पाहून कोऱ्या कापडावर थेट हात चालवणारी बाई एका पिढीत नाहीशी होऊ शकते. म्हणून ज्या हुजऱ्यात उस्तादणीच्या शेजारी दोन-तीन पोरी चौकटीवर वाकलेल्या दिसतात, तिथे मी खरेदी केली नाही तरी थांबेन. तिथे पुन्हा मदरसा चालू आहे असे मला वाटते.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे. मधल्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. दिल्लीहून ताश्कंदला विमानाने तीनेक तास लागतात. भाव करायची रीत तिकडेही आहे, त्यात संकोच नको. फक्त एक सांगून ठेवतो. जुनी घरची सुझानी उलगडल्यावर एखाद्या कोपऱ्यात अर्धवट सोडलेले पान किंवा न भरलेली पाकळी दिसेल. तो दोष म्हणून दाखवून भाव पाडू नका. तेवढी जागा बायका मुद्दाम मोकळी ठेवतात. काम पुरे झाले की पोरीचे सुखही पुरे होते, असे त्या मानतात.